साध्या मजकुरापासून दुवे असलेली पीडीएफ पुस्तिका

कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की, बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या मजुरांची मुले येथील शाळांत येतात. अशा मुलाची नोंद संगणकावर करावयाची असता शिक्षकास सूचनापुस्तिकेतील नेमका भाग तत्काळ सापडला पाहिजे. पुस्तिका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असेल, तर तो भाग शोधण्यास पाने चाळावी लागतात. काम मागे पडते व मुलाचे नाव पटावर येण्यास विलंब होतो. तीच पुस्तिका दुवे असलेल्या पीडीएफमध्ये तयार केल्यास ही अडचण दूर होते.

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ साली आणला; २००८ साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. म्हणून कोणत्याही संगणकावर वा मोबाइलवर त्याची पाने जशीच्या तशी दिसतात.

मुख्य तत्त्व : अक्षरे ठळक व मोठी केली की मनुष्यास तो मथळा वाटतो, संगणकास मात्र तसे कळत नाही. त्यास मथळा हा मथळा म्हणूनच सांगावा लागतो. एवढे केले की अनुक्रमणिका व दुवे संगणक स्वतः सिद्ध करतो.

कृती : हे काम लिबरऑफिस रायटर या विनामूल्य प्रणालीत करता येते.

१. मजकूर युनिकोडमध्ये आहे याची खात्री करावी. जुन्या टंकांतील मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. एरवी पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाहीत.

२. मध्येच तुटलेल्या ओळी जोडून परिच्छेद सलग करावेत.

३. प्रकरणाच्या नावास ‘हेडिंग १’ व पोटभागाच्या नावास ‘हेडिंग २’ ही शैली द्यावी.

४. आरंभी अनुक्रमणिका घालावी.

५. ‘पृष्ठ १२ पाहा’ असे हाताने लिहू नये, कारण मजकूर वाढताच पृष्ठांक बदलतो. त्याऐवजी ‘क्रॉस-रेफरन्स’ घालावा.

६. शेवटी अनुक्रमणिका व संदर्भ अद्ययावत करून ‘एक्स्पोर्ट अॅज पीडीएफ’ ही आज्ञा द्यावी.

पडताळा : इंटरनेट बंद करून प्रत्येक दुवा दाबून पाहावा. पुस्तिकेतील अंतर्गत दुव्यांस इंटरनेट लागत नाही. बाहेरील संकेतस्थळांच्या दुव्यांस मात्र ते लागते. म्हणून आवश्यक सूचना पुस्तिकेतच असाव्यात. गगनबावड्याच्या डोंगरभागात भर पावसाळ्यात संपर्क तुटला, तरी अशी पुस्तिका शिक्षकाच्या उपयोगी पडते.

स्वाध्याय : शाळेतील एखादे दहा पानी परिपत्रक घेऊन वरील कृती करावी. नंतर ते सहकारी शिक्षकाकडे देऊन एक विषय शोधण्यास सांगावे. त्यास तो विनासायास सापडला, म्हणजे काम नीट झाले असे समजावे.