पिल्लू सूड उगवत नाही

प्रश्न : आमचं कुत्र्याचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे. आम्ही दोघंही सकाळी ९ ला निघतो, संध्याकाळी ६ ला परततो. रोज हॉलभर शी-शू केलेली असते. ओरडलं की कोपऱ्यात जाऊन बसतं, म्हणजे चूक कळते ना? एकटं ठेवल्याचा राग काढतंय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : राग नाही हो, नाइलाज आहे. या वयात ३-४ तासांपलीकडे शू धरून ठेवणं त्याला झेपतच नाही. ते कोपऱ्यात जातं तुमच्या चढलेल्या आवाजाला घाबरून. दुपारच्या शूशी तुमच्या ओरडण्याचा संबंध त्याला जोडता येत नाही. तेव्हा ओरडणं आजपासून बंद.

दुपारी एकदा तरी कुणी यायलाच हवं. शेजारच्या काकू, कामाच्या मावशी, कुणीही. शिवाय हॉलचा एक भाग अडवून द्या : एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रं. वर त्याच्याच शूने भिजलेला एक तुकडा ठेवा, वासाने ते तिथेच वळेल. दिवसभर पिंजऱ्यात कोंडू नका, पाणीही तोडू नका.

तुम्ही घरी असताना झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला लगेच त्या वर्तमानपत्रांवर न्या. जमीन हुंगत गोल फिरू लागलं की वेळ आलीच. जागेवर झालं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. शी-शूची जागा पुसायला फिनाइल नको, ते पिल्लांना घातक. एन्झाइमचा क्लीनर वापरा.

लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नेऊ नका, पार्व्हो या संसर्गजन्य रोगाची भीती असते. शू थेंबथेंब होत असेल किंवा लालसर दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.