इटलीची भूमी आणि माणसे

युरोपच्या नकाशावर दक्षिणेकडे दृष्टी टाकली, की भूमध्य समुद्रात उतरलेला एक लांबट देश तत्काळ नजरेत भरतो. त्याचा आकार उंच टाचेच्या बुटासारखा आहे. बुटाच्या टोकापुढे सिसिली हे त्रिकोणी बेट आहे. जणू त्या बुटाने समुद्रात एखादा दगडच ठोकरला आहे! हाच इटली देश. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख २ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा किंचित कमी आहे. लोकसंख्या सुमारे ५ कोटी ९० लाख आहे. एवढ्याशा या देशाने जगाला कायदा, शिल्प, चित्रकला, संगीत आणि विज्ञान यांचे अमोल धन दिले. मात्र ‘आपण सारे एक आहोत’ हे उमगण्यासाठी त्याच देशातील लोकांना अनेक शतके वाट पाहावी लागली.

इटलीच्या उत्तरेस आल्प्स पर्वताची हिमाच्छादित तटबंदी उभी आहे. तिच्या पायथ्याशी पो नदीचे विस्तीर्ण मैदान पसरले आहे. ६५२ किलोमीटर लांबीची ही नदी देशातील सर्वांत मोठी नदी होय. पोच्या मैदानात भाताची शेती होते, हे ऐकून कोकणातील मुलांना नवल वाटेल. पूर्वी दरवर्षी उन्हाळ्याच्या आरंभी दूरदूरच्या गावांतून हजारो स्त्रिया येथे भाताच्या लावणीसाठी आणि निंदणीसाठी येत. गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून त्या काम करीत आणि श्रमाचा विसर पडावा म्हणून गाणी गात. आता ती कामे यंत्रे करतात. गाणी मात्र लोकांच्या ओठांवर राहिली आहेत.

मैदानाच्या दक्षिणेस आपेनाइन्स पर्वताची रांग देशाच्या पाठीच्या कण्यासारखी टोकापर्यंत गेली आहे. तिच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्हच्या बागा दिसतात. या सुंदर भूमीच्या पोटात अग्नी आहे. सिसिलीतील एट्ना पर्वत आजही मधूनमधून लाव्हा ओकतो. नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये पाँपेई हे गजबजलेले नगर राखेखाली गाडून टाकले. पुढे उत्खननात त्या नगरातील रस्ते, घरे, भट्ट्या, इतकेच नव्हे तर भट्टीतील पावसुद्धा जसेच्या तसे सापडले. १९३८ साली तेथे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती मिळाली. ती भारतातून गेलेली होती! तिच्याशी साम्य असणाऱ्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यातील तेर आणि भोकरदन येथे सापडल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या व्यापाऱ्यांचा माल समुद्र ओलांडून इटलीच्या घरांत पोहोचत होता, याची ही बोलकी साक्ष होय.

त्या काळी टायबर नदीकाठच्या रोम नगराची सत्ता भूमध्य समुद्राच्या चहूंकडे पसरली होती. रोमन लोक उत्तम योद्धे होते, तसेच कुशल बांधकाम करणारेही होते. त्यांनी दूरवरच्या झऱ्यांचे पाणी कमानींवरून आणि भुयारांतून शहरात आणले. इसवी सनापूर्वी १९ या वर्षी बांधलेल्या एका जलमार्गाचे पाणी आजही रोममधील त्रेव्ही कारंज्यात खळाळते. त्यांची लॅटिन भाषा इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज इत्यादी भाषांची जननी ठरली. परंतु हे वैभव गुलामांच्या कष्टांवरही उभे होते, हे विसरता येत नाही. कलोसियम या भव्य रंगभूमीत प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी माणसांना माणसांशी आणि हिंस्र पशूंशी झुंजावे लागे.

पाचव्या शतकात पश्चिम रोमन साम्राज्य कोसळले आणि इटलीचे तुकडे झाले. पुढे व्हेनिस, जिनोआ, फ्लॉरेन्स, सिएना, पिसा अशी स्वतंत्र नगरराज्ये उदयास आली. प्रत्येक नगरात एक मोठा चौक, एक प्रार्थनामंदिर आणि त्याशेजारी एक उंच घंटाघर असे. घंटाघराला इटालियन भाषेत ‘कांपानिले’ म्हणतात. ज्या घंटेचा नाद कानी पडतो तेवढाच आपला देश, अशी लोकांची भावना असे. या ग्रामाभिमानाला त्यांनी घंटाघरावरूनच ‘कांपानिलिस्मो’ असे नाव दिले आहे. सिएना नगरात हा अभिमान आजही पाहावयास मिळतो. तेथे १७ मोहल्ले आहेत. गोगलगाय, कासव, सुरवंट अशी त्यांची गमतीदार नावे आहेत. दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दिवशी मुख्य चौकात मोहल्ल्यांच्या घोड्यांची शर्यत होते. चौकाला तीन फेरे घालावयाचे असतात. स्वार खाली पडला आणि घोडा एकटाच पुढे पोहोचला, तरी विजय त्या घोड्याचाच!

या अभिमानाने नगरे सुंदर झाली. आपले मंदिर शेजारच्या नगरापेक्षा देखणे व्हावे म्हणून प्रत्येक नगर उत्तमोत्तम शिल्पकारांना आणि चित्रकारांना बोलावी. पण याच अभिमानापायी नगरे एकमेकांशी लढत आणि एकाच नगरातील घराणीही परस्परांचा सूड घेत. थोर कवी दान्ते (१२६५–१३२१) याला अशाच भांडणामुळे आपली जन्मभूमी फ्लॉरेन्स सोडावी लागली. त्याला पुन्हा तेथे पाऊल टाकता आले नाही. या वनवासात त्याने ‘दिव्य नाट्य’ हे महाकाव्य लिहिले. विद्वानांच्या लॅटिनऐवजी त्याने सामान्य लोकांची बोली निवडली. त्याच सुमारास, १२९० मध्ये, श्रीज्ञानेश्वरांनी संस्कृतातील गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन महाकवींनी लोकभाषेला असे सिंहासन दिले. दान्तेची बोली हीच पुढे साऱ्या इटलीच्या भाषेचा पाया झाली.

त्यानंतरच्या काळात या भूमीने नररत्नांची खाणच उघडली. लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) चित्रे काढी, पक्ष्यांचे उड्डाण न्याहाळी आणि नवनव्या यंत्रांचे आराखडे रेखाटी. मायकेलअँजेलो (१४७५–१५६४) संगमरवरातून सजीव वाटणाऱ्या मूर्ती घडवी. गॅलिलिओने (१५६४–१६४२) स्वतः तयार केलेली दुर्बीण आकाशाकडे वळविली आणि जानेवारी १६१० मध्ये गुरू ग्रहाभोवती फिरणारे चंद्र पाहिले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताबद्दल १६३३ मध्ये धर्मपीठाने त्याला दोषी ठरविले. त्याला आपले मत मागे घ्यावे लागले आणि अखेरपर्यंत नजरकैदेत राहावे लागले. पण सत्याला कोण कैद करणार? १८०० साली व्होल्टाने विजेची पहिली बॅटरी बनविली. विजेचा दाब मोजण्याच्या ‘व्होल्ट’ या परिमाणात त्याचे नाव आजही घरोघरी उच्चारले जाते.

एवढे गुणवंत लोक, पण त्यांना स्वतःचा देश नव्हता! उत्तरेकडील मोठा प्रदेश ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता, दक्षिणेत नेपल्सचा राजा होता, मध्यभागी पोपची सत्ता होती. इटली हे नकाशावरचे केवळ एक नाव आहे, असे ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निक हेटाळणीने म्हणे. ही अवहेलना जिनोआच्या जोसेफ मॅझिनीला (१८०५–१८७२) सहन झाली नाही. त्याने ‘तरुण इटली’ ही संघटना स्थापिली आणि देश एक, स्वतंत्र व लोकसत्ताक व्हावा असा मंत्र दिला. या कार्यासाठी त्याला आयुष्याचा बराचसा काळ परदेशांत काढावा लागला. १८६० च्या मे महिन्यात गॅरिबाल्डी हा शूर सेनानी सुमारे एक हजार स्वयंसेवक घेऊन दोन जहाजांतून सिसिलीकडे निघाला. त्यांच्या अंगात लाल सदरे होते, हाती जुनी शस्त्रे होती. काही महिन्यांतच त्यांनी सिसिली व नेपल्स मुक्त केले. जिंकलेला मुलूख राजा व्हिक्टर इमॅन्युएलच्या स्वाधीन करून गॅरिबाल्डी काप्रेरा बेटावर शेती करण्यास निघून गेला. मुत्सद्दी काव्हूरच्या चातुर्याचीही जोड या कार्याला होती. १७ मार्च १८६१ रोजी इटलीचे राज्य घोषित झाले आणि १८७० मध्ये रोमही त्यात सामील झाले.

या लढ्याने पारतंत्र्यातील भारतीय तरुणांना स्फूर्ती दिली. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीचे लेखन मराठीत आणले. १९०७ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले आणि इंग्रज सरकारने ते जप्त केले.

देश एक झाला, पण घरात दारिद्र्य होते. विशेषतः दक्षिणेत जमीन थोड्या लोकांच्या हाती होती. पोटासाठी लोक गाव सोडून निघाले. १८७६ पासूनच्या शंभर वर्षांत अडीच कोटींहून अधिक इटालियन लोक परदेशी गेले. न्यूयॉर्क, ब्युनॉस आयर्स, साओ पाउलो या शहरांत त्यांनी रस्ते बांधले, कारखान्यांत घाम गाळला आणि घरी पैसे पाठविले. कित्येक आईबापांना आपल्या मुलांचे पुन्हा दर्शनही घडले नाही.

१९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला. त्याने विरोधकांची तोंडे बंद केली आणि १९४० मध्ये देशाला महायुद्धात लोटले. इटली रणांगण बनली. तिच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या सैन्यांत भारतीय जवानही होते. त्यांतील पाच हजारांहून अधिक तेथेच धारातीर्थी पडले. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात सोबती कोसळल्यावर एकट्याने शत्रूच्या यंत्रबंदुकीवर चाल केली, मोर्चा जिंकला आणि तेथेच प्राण ठेवला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात जखमी सोबत्यांना उचलून सुरक्षित जागी नेले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. इटलीतील मोंतोने या गावी २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले.

२ जून १९४६ रोजी इटालियन जनतेने मतदान करून राजेशाही संपविली. या राष्ट्रव्यापी मतदानात स्त्रियांनी प्रथमच भाग घेतला. मॅझिनीचे लोकसत्तेचे स्वप्न त्याच्या मृत्यूनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी साकार झाले. १ जानेवारी १९४८ पासून तेथे नवी राज्यघटना अमलात आली. लोकसत्ता ही श्रमावर अधिष्ठित आहे, असे तिच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे.

आजही इटलीत प्रत्येक प्रांताची बोली आणि चव वेगळी आहे. उत्तरेत भात आणि मक्याचे पीठ, तर दक्षिणेत गव्हाचा पास्ता लोकांना विशेष प्रिय आहे. ज्या टोमॅटोवाचून त्यांच्या स्वयंपाकघराचे पान हलत नाही, तो मुळात अमेरिकेतून आलेला पाहुणा आहे! सायंकाळी लहानथोर माणसे नगराच्या चौकात फेरफटका मारतात आणि हातवारे करीत मोकळेपणाने बोलतात. घरच्या जेवणाला आणि आजीच्या शब्दाला तेथे मोठा मान असतो.

या लोकांच्या मनाची खरी ओळख संकटात पटते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला महापूर आला आणि फ्लॉरेन्स नगर पाण्याखाली गेले. राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो ग्रंथ चिखलात बुडाले. तेव्हा इटलीच्या कानाकोपऱ्यांतून आणि परदेशांतूनही तरुण मुले-मुली धावून आल्या. कोणी बोलावणे धाडले नव्हते. तळघरापासून दारापर्यंत रांग करून त्यांनी चिखलाने माखलेली पुस्तके एका हातातून दुसऱ्या हातात देत बाहेर काढली. लोकांनी त्यांना ‘चिखलातील देवदूत’ हे नाव दिले. ज्या नगरांचे पूर्वज फ्लॉरेन्सशी लढले होते, त्याच नगरांची मुले आज फ्लॉरेन्सचे धन वाचवीत होती. आपल्या गावाच्या घंटेवर त्यांचे प्रेम होतेच. पण दूरच्या गावावर ओढवलेले संकटही त्यांना आपले वाटले. माणसे एक होतात ती अशीच.

स्वाध्याय

१. ‘कांपानिलिस्मो’ म्हणजे काय? त्यापासून इटलीचा कोणता लाभ झाला व कोणती हानी झाली?
२. दान्ते आणि श्रीज्ञानेश्वर यांच्या कार्यात कोणते साम्य आढळते?
३. मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर यांनी देशाच्या एकीकरणास कसा हातभार लावला, ते प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.
४. ‘पण सत्याला कोण कैद करणार?’ हे वाक्य कोणाला उद्देशून आले आहे? त्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. वाक्यांत उपयोग करा : नजरेत भरणे, धारातीर्थी पडणे, पान न हलणे, घाम गाळणे.
६. इटलीचा नकाशा काढून त्यात आल्प्स, आपेनाइन्स, पो, टायबर, रोम, फ्लॉरेन्स व सिसिली दाखवा.