बालकाच्या हृदयातील लहान छिद्र आणि वैद्याचे कर्तव्य

खोकल्यासाठी आणलेल्या दहा महिन्यांच्या बालिकेच्या उरोस्थीच्या डाव्या कडेला, खालच्या भागी, मोठा मर्मर ध्वनी ऐकू आला. इकोकार्डिओग्राफीत दोन जवनिकांमधील पडद्याच्या स्नायुमय भागात लहान छिद्र, म्हणजेच व्हीएसडी, आढळले. हृदयरोगतज्ज्ञांनी औषध न देता नियमित तपासणी सुचविली. पालक मात्र माझ्याकडे परत आले. "छिद्र बुजविणारे औषध आयुर्वेदात असेलच ना?" हा त्यांचा प्रश्न.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या २४ व्या अध्यायात आदिबलप्रवृत्त व जन्मबलप्रवृत्त व्याधी स्वतंत्र सांगितले आहेत. चरकोक्त पाच हृद्रोगांशी या रचनादोषाची सरसकट तुलना करणे योग्य नव्हे. स्नायुमय भागातील लहान छिद्रे बहुधा पहिल्या काही वर्षांत आपोआप बंद होतात. म्हणून त्या काळात दिलेल्या कल्पाला श्रेय देताना संयम हवा.

निरीक्षणात पुढील मुद्दे ध्यानी ठेवावेत :

१. प्रत्येक भेटीत वजन व उंची नोंदवून वाढीचा आलेख काढावा.

२. शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. २ ते १२ महिन्यांच्या बालकात ५० व त्यापुढे ५ वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे द्रुतश्वसन होय.

३. स्तनपान करताना दमणे, कपाळी घाम येणे, वारंवार फुप्फुसाचा संसर्ग होणे, ही लक्षणे विचारावीत.

४. ध्वनी मोठा म्हणजे छिद्र मोठे, असे नाही. ध्वनी मंदावला म्हणजे छिद्र बुजले, असेही नाही. फुप्फुसातील रक्तदाब वाढल्यानेही तो मंदावतो. निर्णय इकोनेच करावा.

५. छिद्र महाधमनीच्या झडपेलगत असल्यास झडप गळू लागण्याचा संभव असतो. अशा बालकाची तपासणी लक्षणे नसली तरी चुकवू नये.

६. दंतस्वच्छता कटाक्षाने राखावी. दातांच्या संसर्गातून हृदयाच्या अंतःस्तराचा शोथ उद्भवू शकतो. दीर्घ, अकारण ज्वरात प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करवावे.

लसीकरण वेळेवर व्हावे. खेळण्यावर अकारण बंधने नकोत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे, हे गरजू पालकांना अवश्य सांगावे.

या बालिकेस मी अग्नी व आहार यांकडे लक्ष देण्यास सांगितले. छिद्रासाठी औषध दिले नाही. तिसऱ्या वर्षीच्या इकोत छिद्र बंद झालेले दिसले. तेव्हा अर्जुन दिला असता, तर आज मीच तो यशस्वी प्रयोग म्हणून मांडला असता. केव्हा थांबावे व केव्हा पाठवावे, हे जाणणे हीसुद्धा चिकित्साच होय.