बंदिशीतले ‘सुजान’ कोण?

प्रश्न : रेडिओवर ख्याल ऐकताना एका बंदिशीत ‘सुजान’ असं नाव आलं. अभंगात ‘तुका म्हणे’ येतं, तसं हे रचणाऱ्याचं नाव आहे का? असल्यास हे सुजान कोण?
— एक वाचक, उमापूर (ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : तुमचा कान तयार आहे! तुमच्या शेजारच्या पैठणात नाथांनी ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा वापरली; ख्याल रचणारेही अशी मुद्रा ठेवतात, बहुधा अंतऱ्यात. ‘सदारंग’ म्हणजे नियामत खाँ, ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाज खाँ, ‘चतुर’ म्हणजे पं. भातखंडे. आणि ‘सुजान’ म्हणजे भातखंड्यांचे पट्टशिष्य पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर.

रातंजनकर मूळ मुंबईचे. भातखंड्यांकडून त्यांनी शास्त्र घेतलं, तर बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडून आग्रा घराण्याची गायकी. लखनौचं मॅरिस कॉलेज १९२६ मध्ये निघालं आणि १९२८ पासून ते त्याचे प्राचार्य झाले. पुढे खैरागढच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९५७ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७४ मध्ये ते गेले.

त्यांच्या रचना ‘अभिनव गीतमंजरी’त आहेत. कर्नाटक संगीतातला ‘वर्णम्’ हा प्रकारही त्यांनी हिंदुस्थानी रागांत रचला. मला त्यांची बंदिश मोलाची वाटते ती शिकणाऱ्याच्या बाजूने. ती नीट गळ्यावर चढली की कुठल्या स्वरावर थांबायचं, कुठला नुसता स्पर्शून जायचा, हे वेगळं सांगावं लागत नाही. अनवट रागात तर असा आधार फारच लागतो.

मग नाव एवढं कमी का ऐकू येतं? शिकवण्यात आयुष्य गेलं की शिष्यांची नावं पुढे येतात. डब्लिनला जन्मलेले संगीतकार चार्ल्स स्टॅनफर्ड लंडनला शिकवत. आज त्यांच्यापेक्षा त्यांचे विद्यार्थी होल्स्ट अधिक गाजतात. (याच होल्स्टनी आपल्या सावित्रीच्या कथेवर ऑपेरा रचला.) रातंजनकरांचे शिष्यही तसेच : एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग. के. जी. गिंडे तर अकराव्या वर्षी लखनौला गेले आणि गुरूंच्या घरीच वाढले.

गिंडे आणि भट यांची ध्वनिमुद्रणं मिळवून ऐका. मात्र प्रत्येक ‘सुजान’ रातंजनकरांचाच, असं धरू नका. जुन्या ब्रज पदांत जाणत्या माणसालाही सुजानच म्हणतात.