प्रकाशावरून खनिजांची ओळख

खडक हाती असला, तर भूवैज्ञानिक तो फोडून भिंगाखाली पाहतो. परंतु चंद्रापासून शंभर किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या यानाला त्याला स्पर्श करता येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो केवळ खडकावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. एवढ्यावरून खनिजे कशी ओळखता येतात, ते आपण येथे पाहू.

रंगावर विसंबून चालत नाही. सह्याद्रीचा कातळ काळा आणि कोळसाही काळाच. म्हणून प्रकाश अनेक अरुंद पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्ट्यातील किती भाग परत आला, याचा आलेख काढतात. जी तरंगलांबी खनिज शोषून घेते, तेथे आलेखात खाच पडते. पायरॉक्सीन या खनिजातील लोहामुळे सुमारे १ आणि २ मायक्रॉनवर दोन खाचा दिसतात. ऑलिव्हीनची १ मायक्रॉनजवळ एकच रुंद खाच असते. आपल्या कातळातील पायरॉक्सीन चंद्रावरील काळसर मैदानांतही आहे, हे अशाच खाचांवरून कळते.

बंगळूर येथे मुख्यालय असलेल्या इस्रोने २२ ऑक्टोबर २००८ रोजी ‘चांद्रयान-१’ सोडले. त्यावरील ‘मून मिनरलॉजी मॅपर’ हे अमेरिकन उपकरण ०.४३ ते ३ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश मोजत असे. त्याच्या आलेखांत ३ मायक्रॉनच्या जरा अलीकडे एक अनपेक्षित खाच आढळली. ती हायड्रॉक्सिल किंवा पाणी यांची खूण होय. परंतु अपोलो मोहिमांनी आणलेल्या खडकांवरून चंद्र कोरडा मानला जात होता. त्यांतील ओलाव्याचा अंश पृथ्वीवरचाच समजला गेला होता. तेव्हा हा उपकरणाचा दोष तर नव्हे, ही शंका रास्तच होती. शिवाय तापलेला पृष्ठभाग स्वतःही अवरक्त किरण बाहेर टाकतो. ते वजा केल्यावाचून खाचेची खरी खोली समजत नाही.

‘कॅसिनी’ यानाने १९९९ मध्ये आणि ‘डीप इम्पॅक्ट’ने जून २००९ मध्ये चंद्राजवळून जाताना घेतलेल्या मोजमापांतही ही खूण आढळली, तेव्हा शंका फिटली. सप्टेंबर २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, २९ ऑगस्ट रोजी, चांद्रयानाशी असलेला संपर्क तुटला होता.

तथापि हा प्रकाश मातीच्या वरच्या काही मिलिमीटर थराचेच वर्तमान सांगतो. म्हणून ‘चंद्रावर पाणी सापडले’ या वाक्याने तळी वा झरे डोळ्यांपुढे आणू नयेत. खाच काय सांगते, याइतकेच ती काय सांगत नाही, हेही वाचता आले पाहिजे.