टीएसएच वाढला म्हणजे नक्की काय वाढलं?

*आरोग्य-अभ्यास : या आठवड्याचा पाठ*



गेल्या गुरुवारी आरतीनंतर एका ताईंनी रिपोर्ट दाखवला. "टीएसएच ११ आलाय, म्हणजे माझा थायरॉइड फार वाढलाय ना?" शेजारच्या ताई म्हणाल्या, "माझा तर नॉर्मल आला, आता गोळी बंदच करते." दोघींचाही समज चुकीचा होता. का, ते आज पाहू.

*तीन पायऱ्यांची साखळी*

१) मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. तो टीआरएच नावाचं संप्रेरक म्हणजे हार्मोन सोडतो.
२) त्याच्या खाली, नाकाच्या मुळामागे हाडाच्या खोबणीत, वाटाण्याएवढी पीयूषिका म्हणजे पिट्यूटरी ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. टीआरएच पोचलं की ती रक्तात टीएसएच सोडते.
३) टीएसएच गळ्यातल्या थायरॉइडला सांगतो, "काम कर." मग थायरॉइड टी-४ आणि टी-३ तयार करते.

हे टी-४, टी-३ रक्तातून पुन्हा मेंदूकडे पोचतात. ते पुरेसे दिसले की वरचे दोघेही हात आखडता घेतात.

*हाक आणि ओ*

आतल्या खोलीत कोणी असेल तर आपण हाक मारतो. ओ आली नाही तर आवाज चढवतो, ओ आली की गप्प बसतो. टीएसएच ही पिट्यूटरीची *हाक* आहे आणि टी-४ ही थायरॉइडची *ओ*.

म्हणून टीएसएच वाढला याचा अर्थ बहुतेक वेळा थायरॉइड *कमी* काम करते आहे. टीएसएच फार खाली गेला तर उलट, थायरॉइड जास्त काम करते आहे किंवा गोळी जास्त होते आहे. कधी पिट्यूटरीच थकलेली असते, मग हाकच नीट निघत नाही. त्यासाठी डॉक्टर टी-४ सुद्धा बघतात.

*माझी चूक*

माझा टीएसएच नॉर्मल आला तेव्हा मी गोळी सोडली. पारायण चाललं होतं, वाटलं गुरुकृपेने बरं झालं. तीन महिन्यांत चेहरा सुजला, पायऱ्या चढवेनात, पोथी वाचताना डोळे मिटायला लागले. तपासलं तर टीएसएच १८! रिपोर्ट नॉर्मल होता तो *गोळीमुळे*. ओ थायरॉइडची नव्हती, गोळीची होती.

"आज्ञाचक्रावर ध्यान करा, पिट्यूटरी जागी होते, गोळी लागत नाही" असे मेसेज फिरतात. ध्यानाने मन शांत होतं, हा आपला सर्वांचा अनुभव. पण टीएसएच वाढलेला असताना पिट्यूटरी जागीच असते, ती तर ओरडत असते! उणीव गळ्यात आहे. साधनाही करू आणि गोळीही घेऊ.

*लक्षात ठेवा*

🌸 गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने.
🌸 कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवावं.
🌸 डोस बदलल्यावर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करतात. टी-४ रक्तात हळूहळू स्थिरावतं, म्हणून आठवड्यात निकाल शोधू नये.
🌸 स्टिरॉइडच्या गोळ्यांनाही हाच नियम. बरेच दिवस घेतल्या की पिट्यूटरी अ‍ॅड्रिनल ग्रंथीला हाक मारणं थांबवते. त्या एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, डॉक्टर सांगतील तशाच हळूहळू कमी कराव्यात.

*घरी चर्चेसाठी :* घरात कोणाची कुठली गोळी मनानेच बंद झाली आहे का? आज जेवताना प्रेमाने विचारा. रागावू नका, मी पण तेच केलं होतं.

शरीर हे सद्गुरूंनी सेवेसाठी दिलेलं साधन आहे, ते सांभाळणं हीसुद्धा सेवाच.

🙏 जय गुरुदेव 🙏
— आपली एक सेविका ताई