आपण नास्तिक आहोत काय?

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले नोकरीच्या गावी गेली, की वर्ष-दोन वर्षांत एक प्रश्न घेऊन परत येतात. सोसायटीतल्या सत्यनारायणास गेलो नाही, आरतीला उभे राहिलो नाही, की शेजारी विचारतात, “तुम्ही देव मानत नाही, म्हणजे नास्तिक का?” वस्तिगृहातील लहान मुले हाच प्रश्न उलट बाजूने विचारतात. देव नाही, तर रोज सकाळी आपण वंदना कोणाला करतो? काही पालकांना तर नास्तिक हा शब्द शिवीसारखा लागतो. इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हांस वाटते, की होय किंवा नाही असे उत्तर देण्यापूर्वी तो शब्दच तपासून पाहावा.

पाणिनीच्या सूत्रानुसार ‘आहे’ असे ज्याचे मत तो आस्तिक, ‘नाही’ असे ज्याचे मत तो नास्तिक. काय आहे आणि काय नाही, हे सूत्र सांगत नाही. पुढच्या टीकाकारांनी तेथे परलोक असा अर्थ लावला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मात्र अर्थ स्पष्ट होतो. तर्कविद्येचा आधार घेऊन जो श्रुती-स्मृतींचा अवमान करतो तो वेदनिंदक नास्तिक होय आणि सज्जनांनी त्याला बहिष्कृत करावे, असे तेथे सांगितले आहे. या व्याख्येत ईश्वराचे नावही नाही. गुन्हा आहे तो तर्क करण्याचा. म्हणूनच जगाचा कोणी निर्माता आहे हे मत खोडून काढणारे मीमांसक कुमारिल भट्ट आस्तिक ठरले, कारण त्यांनी वेद प्रमाण मानले. आणि वेदप्रामाण्य नाकारणारे बौद्ध, जैन व लोकायत नास्तिक ठरले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्याच ग्रंथाने केलेली ही व्याख्या आहे. त्या अर्थाने महाडच्या परिषदेला जमलेला प्रत्येक जण नास्तिक होता. आम्हीही आहोत, आणि त्याचे आम्हांस वैषम्य वाटत नाही.

आज मात्र नास्तिक म्हणजे देव न मानणारा, असाच अर्थ रूढ आहे. तेव्हा तथागतांनी ईश्वराविषयी काय म्हटले, ते पाहिले पाहिजे. दीघनिकायातील तेविज्जसुत्त या दृष्टीने प्रत्येक पालकाने वाचावे. कोसल देशात मनसाकट या गावी, अचिरवती म्हणजे आजच्या राप्ती नदीच्या काठी, वासेट्ठ व भारद्वाज या दोन तरुण ब्राह्मणांत वाद झाला. ब्रह्मदेवाशी सायुज्यता मिळवून देणारा खरा मार्ग कोणत्या आचार्याचा? तथागतांनी त्यांना शिव्याशाप दिले नाहीत की मूर्ती फोडा असेही सांगितले नाही. त्यांनी एवढेच विचारले, की तीन वेद जाणणाऱ्या ब्राह्मणांपैकी कोणी ब्रह्मा डोळ्यांनी पाहिला आहे काय? त्यांच्या गुरूने? गुरूच्या गुरूने? सात पिढ्यांमागे कोणी? प्रत्येक वेळी उत्तर नाही असेच आले. मग एकमेकांना धरून चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा आली. देशातल्या सर्वांत सुंदर स्त्रीवर माझे प्रेम आहे असे सांगणाऱ्या, पण तिचे नाव, गाव, रूप यांपैकी काहीच ठाऊक नसलेल्या माणसाची आली. शेवटी समोर वाहणारी नदीच उदाहरणाला आली. पलीकडे जाऊ इच्छिणारा माणूस अलीकडच्या काठावर उभा राहून ‘ये पलीकडच्या काठा, इकडे ये’ अशी प्रार्थना करू लागला, तर तो काठ येईल काय? आमच्या मते वर्गात शिकवण्याजोगा याहून चांगला संवाद विरळा.

कोणी म्हणेल, त्रिपिटकात तर पानोपानी देव भेटतात. भेटतात खरे. पण ते स्वतःच अनित्य आहेत आणि अनेकदा तथागतांनाच प्रश्न विचारायला येतात. सृष्टी निर्माण करणारा व माणसाचे भाग्य लिहिणारा असा त्यांत कोणी नाही.

तथापि या विषयाचे मर्म आम्हांस अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात सापडते. तेथे तथागत एक नव्हे, तीन मते नाकारतात. माणसाला जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे पहिले मत. ते सर्व ईश्वराने निर्मिलेले, हे दुसरे. त्याला कारणच नाही, हे तिसरे. तिन्हींवर आक्षेप एकच आहे. असे मानले तर खून करणारा, चोरी करणारा, खोटे बोलणारा यांना जबाबदार कसे धरणार? आणि हे करावे, ते करू नये, असा प्रयत्न तरी कोणी का करावा?

ही तिन्ही मते आजही आपल्या बोलीत जिवंत आहेत. ‘देवाची मर्जी’, ‘मागल्या जन्माचे भोग’, ‘चालायचंच, असंच असतं’. आपल्या समाजाने देवाची मर्जी टाकली हे खरे. पण दुसरे वाक्य मयताच्या घरी, मुलीचे लग्न मोडले तेथे, आजारपणात अजून ऐकू येते. आपल्या इतिहासात ईश्वरकल्पनेपेक्षाही अधिक घात याच वाक्याने केला आहे. चोखोबांच्या नावावर असलेल्या एका अभंगात आपल्याला महाराचा जन्म का आला, याचे कारण सांगितले आहे: पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून. एवढा मोठा संत, ज्याला देवळाची पायरी ओलांडता आली नाही, तो स्वतःवरील अन्यायाचा दोष स्वतःच्याच अज्ञात जन्मावर घेतो! बाबासाहेबांना चोखोबांविषयी आदर होता. १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. पण चोखोबांचे ते उत्तर त्यांनी स्वीकारले नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची त्यांनी केलेली चिकित्सा या दृष्टीने वाचावी.

तिसऱ्या मताकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. तथागतांच्या काळी अजित केसकंबल नावाचे आचार्य होते. माणूस चार महाभूतांचा बनलेला आहे, मेल्यावर शहाणा आणि मूर्ख दोघेही सारखेच नष्ट होतात, यज्ञाला फळ नाही, असे ते सांगत. यज्ञ निष्फळ, इथपर्यंत तथागतही त्यांच्याजवळ आहेत. पण केसकंबल पुढे म्हणतात, की दानालाही फळ नाही, बऱ्यावाईट कृत्यांचाही परिणाम नाही. तथागतांनी हे अमान्य केले. देव गेला म्हणून शील जात नाही. ‘देव नाही, मग काहीही केले तरी चालते’ असे म्हणून बाटली उघडणारे महाभाग आमच्याही पाहण्यात आहेत. ते स्वतःला पुरोगामी म्हणवतात. असो.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हे आपले तीन गुरू सांगितले. यांतील दोघे ईश्वर मानणारे होते. कबीरांनी निर्गुणाची भक्ती केली, जोतीरावांनी निर्मिक मानला. म्हणजे देव मानतो की नाही, या एकाच कसोटीवर बाबासाहेबांनी माणसे पारखली नाहीत. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको व माणसामाणसांत उच्चनीचता नको, हे तिघांतले समान सूत्र आहे. त्याच काळात पेरियारांनी तमिळनाडूत देवाविरुद्ध उघड मोहीम चालविली. १९३० साली लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगांनी आपण नास्तिक का आहोत, याविषयी निबंध लिहिला. दोघांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. बाबासाहेबांची वाट मात्र तेथे थांबली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा क्रमाने वाचून पाहाव्यात. पहिल्या आठ नकाराच्या आहेत: हे देव मानणार नाही, अवतार मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करविणार नाही. नववीपासून भाषा बदलते. सर्व माणसे समान आहेत असे मानीन. समतेसाठी प्रयत्न करीन. पुढे अष्टांगिक मार्ग, पारमिता, करुणा, शील. आपल्या भाषणांतून आपण पहिल्या आठच जास्त ऐकवतो, अशी आमची तक्रार आहे.

आता लहान मुलांचा प्रश्न. वंदना कोणाला? पंचशील म्हणताना प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘समादियामि’ हे क्रियापद येते. पालीच्या तासाला आम्ही ते फळ्यावर लिहून त्याचा पुरुष विचारतो. ते प्रथम पुरुषी आहे: मी स्वीकारतो. त्या पाचही वाक्यांत देणारा कोणी नाही, मागणेही नाही. काही घरांतून अलीकडे बुद्धमूर्तीला नवस बोलला जातो, मनगटाला गंडा बांधून ‘साहेबांचा फोटोही शेजारीच आहे’ असे सांगितले जाते. मूर्ती बदलली, मागणे तेच राहिले. हे अचिरवतीच्या काठावर उभे राहून हाका मारणेच आहे.

दहावीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी विहारात एखादा विद्यार्थी डोळे मिटून ओठ हलवताना दरवर्षी दिसतो. त्याला आम्ही रागावत नाही. कोणता धडा राहिला आहे ते विचारतो, आणि पुस्तक घेऊन त्याच्याशेजारी बसतो.